न वाजवता दिलेला ढोल

"कारागीर कुठे आहे?" हा प्रश्न मला गेल्या चौदा वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता मी हातातलं काम न थांबवता उत्तर देते, "बसा, आलाच." मग हात पुसते, पुढे येऊन उभी राहते आणि म्हणते, "बोला." मल्याळी गिऱ्हाईक हसतं. अरबी गिऱ्हाईक एकदा माझ्याकडे, एकदा आमच्या मालकांकडे बघतं आणि ढोल टेबलावर ठेवतं. आपली मराठी माणसं मात्र आधी आडनाव विचारतात. दुबईतल्या एका ढोल पथकाच्या बाई गणपतीआधी दोन ढोल घेऊन आल्या होत्या. मी नाव-आडनाव सांगितलं. "अच्छा, अच्छा," म्हणाल्या, आणि मग पानाची चौकशी करायला लागल्या. ढोलाच्या चामड्याला पान म्हणतात. काम त्यांना आवडलं. पुढच्या वर्षी त्या घरच्या उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन आल्या, हेही सांगायला हवं.

आमचं वर्कशॉप दुबईच्या रास अल खोर भागात आहे. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला कांदे-बटाट्याचं गोदाम. मालक दाऊदभाई मूळचे दापोलीकडचे, वडिलांबरोबर तरुणपणी इथे आलेले. वर्कशॉपमध्ये दोन कामं चालतात. एक वाद्यदुरुस्तीचं. दुसरं फ्लाइट केसचं, म्हणजे स्पीकर आणि वाद्यं विमानातून न्यायला प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या बनवण्याचं. पहिल्या कामानं दाऊदभाईंचं नाव झालं. दुसऱ्या कामावर सगळ्यांची घरं चालतात.

मी सांगोल्याजवळच्या गावातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म आमच्या मराठीच्या सरांनी स्वतःच्या हातानं भरला. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि मी बी.ए. झाले. हे मी जेव्हा जेव्हा कुठे लिहिते तेव्हा सरांची आठवण काढून लिहिते. लग्न झालं, नवरा दुबईत एसीच्या कंपनीत होता, मी इथे आले. दाऊदभाईंकडे मला नोकरी लागली ती स्टोअरच्या नोंदी ठेवायला. बी.ए.ची डिग्री बघून त्यांनी विचारलं होतं, "अगो, तुला इंग्रजीत पत्र लिवता येईल ना?"

माझे वडील, आबा, हलगी बनवतात आणि वाजवतात. आमच्या समाजात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बकऱ्याचं कातडं भिजवायचं, खरवडायचं, लोखंडी कड्यावर ताणून बसवायचं, वाळवायचं, आणि वाजवायच्या आधी जाळावर शेकायचं. यातलं शेवटचं सोडून सगळं काम आई आणि मी करत असू. पण वाजवायचं फक्त पुरुषांनी. ते कुणी मोठ्यानं सांगितलेलं मला आठवत नाही. कातड्याला आमचा हात चालायचा, काठीला चालायचा नाही, एवढंच. तयार हलगी पारखायची माझी रीत म्हणजे टिचकी. मधल्या बोटाची नखाकडची बाजू कडेपासून दोन बोटं आत मारायची आणि कान द्यायचा. आवाज स्वच्छ, टणटणीत, पाण्यात खडा पडल्यासारखा आला की हलगी झाली. जराशी जरी झणझण आली, तर कातडं कुठेतरी सुटलंय, काम परत करायचं. लोकांसमोर झणझणणारी हलगी गेली तर आबांना दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

स्टोअरमध्ये बसून मला वर्ष झालं असेल. ढोलाचं काम करणारे जुने कारागीर म्हातारपणामुळे पेशावरला कायमचे परत गेले होते, आणि त्याच आठवड्यात एका अरबी पथकाचा रहमानी आला. रहमानी म्हणजे इथला मोठा, दोन तोंडांचा, दोरीनं आवळायचा ढोल. एका बाजूचं कातडं फाटलेलं. पथकाला लग्नाला जायचं होतं. दाऊदभाई डोक्याला हात लावून बसले होते. मी म्हटलं, "मी लावते."

"तू?" दाऊदभाई म्हणाले. "तू तर बी.ए. ना गो?"

"बी.ए. नंतर झाले," मी म्हटलं.

तेव्हापासून मागच्या खिडकीजवळचं टेबल माझं. आबांना मात्र मी चार वर्षं हे सांगितलं नाही. फोनवर ते विचारायचे, "हापिसात बसायला खुर्ची हाय ना?" मी म्हणायचे, "आहे." खुर्ची खरंच होती. मी तिच्यावर बसत नव्हते एवढंच.

बाहेरच्या माणसाला वाटतं ढोल म्हणजे ठोकाठोकीचं काम. खरं तर ते सगळं ओलावा सांभाळण्याचं काम आहे. भिजलेलं कातडं मऊ असतं तेव्हा ते कड्यावर गुंडाळून बसवायचं आणि वाळताना ते आपणहून आवळत जाईल अशा बेतानं सोडायचं. सांगोल्यात हे सोपं आहे. दुबईत ऑगस्टमध्ये बाहेरची हवा ओल्या टॉवेलसारखी असते आणि आत एसी हाडं वाळवतो. एसीत वाळवलेलं कातडं कडेला चिरतं. बाहेर वाळवलेलं कधी पुरतं वाळतच नाही आणि हॉटेलच्या स्टेजवर गेलं की एसी लागून बंदुकीसारखं फुटतं. मी दोन-तीन कातडी वाया घालवली तेव्हा कळलं, की स्टोअरच्या खोलीत, एसीच्या झोतापासून लांब, ओल्या गोणपाटाखाली तीन दिवस ठेवायचं. रोज गोणपाट कमी ओलं करायचं. घाई केली तर खलास. हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दाऊदभाई माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. ते असे उभे राहिले की काहीतरी नको असलेलं बोलायचं असतं.

"सुनंदा, बघ. आता सगळे प्लास्टिकचीच पानं लावतात. फाटलं की नवीन टाकतात. केसच्या ऑर्डरी मात्र वाढल्यात. सुतारांना जागा नाय पुरत."

"किती जागा पाहिजे?" मी विचारलं.

"ही," ते म्हणाले आणि माझ्या टेबलावर हात ठेवला. "महिनाअखेर बघू. तुला पुढे काउंटरवर घेतो. पगार तोच. एसी, खुर्ची, साफ कपडे. काय वाईट?"

वाईट काहीच नव्हतं. सरांनी फॉर्म भरला तो याचसाठी, आबांनी मला शिकवलं तेही याचसाठी. पण घरी येताना बसमध्ये मला रडू आलं. त्या टेबलावर माझ्या हाताखालून किती वाद्यं गेली होती. काउंटरवर मी कुणीही असले असते.

"महिनाअखेरपर्यंत जे येईल ते करते," मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. "एकही काम परत आलं तर टेबल उचला. नाही आलं तर परत बोलू."

"इन्शाल्ला," दाऊदभाई म्हणाले. त्याचा अर्थ हो असाही होतो आणि नाही असाही होतो, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे.

त्याच आठवड्यात मिस्टर एडवर्ड आले. सत्तरीचे, उंच, उन्हानं लाल झालेले इंग्रज गृहस्थ. तीस वर्षं इथल्या एका शाळेत लहान मुलांना संगीत शिकवत होते आणि आता कायमचे मायदेशी चालले होते. त्यांनी कापडी पिशवीतून एक छोटा ढोल काढला. ताटाएवढं तोंड, वीतभर उंची, लाकडाचं गोल खोड, दोन्ही तोंडांना कातडं, बाजूनं दोरीची नागमोडी वीण. दोरीवर चामड्याचे छोटे पट्टे होते, ते खाली सरकवले की कातडं आवळतं. त्यांनी सांगितलं की याला टेबर म्हणतात, हा त्यांच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं हातानं बनवून दिला आणि शाळेत दर वर्षी ते हा वाजवतात आणि मुलं फेर धरून नाचतात. वरचं कातडं एसीनं फुटलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी शाळेत निरोपाचा कार्यक्रम, शनिवारी विमान.

"होता तसा करून हवाय," ते म्हणाले.

"सर, त्याहून चांगला करून देते," मी म्हटलं.

वरच्या फुटक्या कातड्यावर एक तात लोंबत होती. तात म्हणजे आतड्याची पिळून केलेली बारीक दोरी, पूर्वी पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तशी. ती तोंडाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी बांधलेली असणार, आता एका बाजूनं सुटली होती. मला वाटलं, कातडं चिरत चाललं असेल म्हणून कुणीतरी ती आवळून बांधलेली, जखमेवर चिंधी बांधावी तशी. मनात आलं, बिचारा ढोल, किती दिवस असा झणझणत वाजला असेल. मी तात कापली आणि कचऱ्यात टाकली.

कातडं पातळ निवडलं, करडाचं. तीन दिवस गोणपाटाखाली. मग पट्टे एकेक बोट सरकवत आवळलं. असा ढोल मी आजवर केला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, तो झाला त्या संध्याकाळी मी चार वेळा टिचकी मारली. आवाज असा स्वच्छ, की शेजारच्या सुतारानं रंधा थांबवून बघितलं.

तो ढोल दाखवायला मी अल मनखूलला घरीसुद्धा घेऊन गेले. माझी मुलगी श्रुती नववीत आहे. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते, मी मराठीत बोलते, आणि भांडण झालं की दोघी हिंदीत.

"इट्स सो क्यूट," ती म्हणाली. "हाऊ डज ही प्ले इट?"

"काठीनं. ढोल आहे तो."

"वन स्टिक ऑर टू?"

"मला काय माहीत? मला बनवायचा होता."

"यू डिडन्ट आस्क?"

"जेव आता," मी म्हटलं.

सोमवारी मिस्टर एडवर्ड आले. मी ढोल त्यांच्या हातात दिला आणि टिचकी मारून दाखवली. त्यांनी मान डोलावली. मग खिशातून एक बासरी काढली. हातभर लांब, बारीक, आणि तिला फक्त तीन छिद्रं, दोन पुढे, एक मागे अंगठ्यासाठी. त्यांनी ढोलाची दोरी डाव्या हातात अडकवली, त्याच डाव्या हातानं बासरी तोंडाला लावली आणि उजव्या हातात पेन्सिलीसारखी काठी घेतली. एकच माणूस, एका हाताची बासरी, दुसऱ्या हाताचा ढोल. मी असं कधी पाहिलं नव्हतं.

ते वाजवायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला मला कळलं, काहीतरी चुकलं. बासरीचा आवाज नाजूक, आणि माझा ढोल हलगीसारखा टणटण करत तिच्या अंगावर धावून जात होता. प्रत्येक ठोक्याला सूर गडप व्हायचा, मग बिचारा पुन्हा वर यायचा, पुन्हा गडप. त्यांनी मध्येच थांबवलं.

"फार सुंदर ढोल आहे," ते म्हणाले. "पण हा माझा नाही." मग हळूच विचारलं, "ती तार कुठे गेली?"

"कुठली तार?"

"आडवी होती ती. झझझ करायची."

मी कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. त्यांनी जराही न रागावता, वर्गात समजावतात तसं समजावलं. टेबर एकट्यानं वाजायचा नसतोच. तात कातड्यावर थरथरते, त्यामुळे ठोक्याचा टणत्कार मोडतो आणि आवाज कोरड्या पानांत पाय पडल्यासारखा होतो. तो बासरीच्या खाली पसरतो, तिला झाकत नाही. जी झणझण आमच्या घरात दोष होती, तीच या वाद्याचा जीव होती आणि ती मी कापून टाकली होती. चूक तातेपाशी झाली नव्हती, आधीच झाली होती. पहिल्या दिवशी, "सर, जरा वाजवून दाखवा," एवढं वाक्य मी बोलले नव्हते. आबा कुणाचीही हलगी बनवायच्या आधी त्याला म्हणायचे, जुनी घे, वाजव, हात बघू दे. ते मी शेकडो वेळा ऐकलं होतं. पण वाजवणं हा आपला प्रांत नाही असं अंगात इतकं मुरलेलं, की वाजवणाऱ्याकडे बघणंही मी माझ्या कामात धरलं नव्हतं.

दाऊदभाई दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"परत आला ना?" ते मराठीत म्हणाले.

"परत नाही आला. अजून इथेच आहे," मी म्हटलं. "सर, मला बुधवारपर्यंत वेळ द्या."

मिस्टर एडवर्ड दाऊदभाईंकडे बघायला लागले. दाऊदभाई माझ्याकडे. मग हात झटकून म्हणाले, "यल्ला, चल, बुधवार. पण सुतारांना मी गुरुवार सांगून ठेवतो."

कचरा केव्हाच गेला होता. मी आधी करडाच्या कातड्याची बारीक वादी कापून पिळून बघितली. ती कातड्यावर मेल्यासारखी पडून राहिली. आतडंच पाहिजे होतं. मंगळवारी दुपारी मेट्रोनं देराला गेले. तिथे एका गल्लीत ऊद दुरुस्त करणारे एक सीरियन म्हातारे आहेत. ऊद म्हणजे अरबी तंतुवाद्य, आणि पूर्वी त्याला आतड्याच्याच तारा असत. मी तोडक्यामोडक्या अरबीत आणि जास्त हातांनी सांगितलं. ते खुर्चीवर चढले, वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक पिवळी पडलेली गुंडाळी माझ्या हातावर ठेवली. पैसे विचारले तर म्हणाले, "हे आता कुणाला पाहिजे? सगळे नायलॉन, नायलॉन. घे, हबीबती." मी तरी वीस दिरहॅम टेबलावर ठेवले, म्हणजे आपले साडेचारशेच्या वर, आणि त्यांनी तेवढ्याचा चहा आणि खजूर मला बसवून खायला घातला.

तात लावणं सोपं आहे. दोन्ही कडांना बारीक छिद्रं पाडायची, भिजवलेली तात ओवायची, गाठ मारायची. अवघड आहे ती किती ताणायची हे. जास्त ताणली तर ती गप्प बसते. सैल ठेवली तर पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. दोन्हींच्या मध्ये केसाएवढी जागा असते.

बुधवारी अकराला मिस्टर एडवर्ड आले. मी टिचकी मारली, तात झणझणली, ढोल त्यांना दिला. त्यांनी वाजवला. "सैल." मी ताणली, टिचकी मारली, दिला. "आता घट्ट." असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळेला त्यांनी ढोल माझ्याकडे परत केला आणि काठीही पुढे केली.

"तुम्ही वाजवा," ते म्हणाले. "मी नुसती बासरी वाजवतो. म्हणजे तात कुठे बोलते आणि कुठे अडते ते तुमच्याच हाताला कळेल."

"आय डोन्ट प्ले सर. आय ओन्ली मेक."

"मग तपासतं कोण?"

मी बोट दाखवलं.

ते हसले नाहीत. "बोटाला हे कळणार नाही," म्हणाले. "बोट एकदा मारता तुम्ही. ढोल शंभर वेळा वाजणार आहे."

मागे सुतारांची करवत थांबली होती. टायरवाला चहाचा कप घेऊन दारात आला होता. माझं वय सेहेचाळीस. आयुष्यात पाचशे-सहाशे वाद्यांना कातडं लावलं असेल, पण काठी घेऊन ठोका एकही मारला नव्हता. काठी हातात घेतली तेव्हा सासरच्या पंगतीत चुकून पुरुषांच्या पाटावर बसल्यासारखं वाटलं.

"एक मोठा, दोन लहान," ते म्हणाले. "चालताना पडतात तसे. मनगट सैल."

त्यांनी बासरी तोंडाला लावली. मी मारला. पहिला ठोका कडेवर पडला, दुसरा काठी निसटून टेबलावर. दारातून टायरवाला म्हणाला, "शाबास!" आणि सगळे हसले, मीसुद्धा. मग पुन्हा. एक मोठा, दोन लहान. दहा-बारा फेऱ्यांनंतर हात आपोआप पडायला लागला आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तात ढोलावर नसते, ती दोन ठोक्यांच्या मध्ये असते. लहान ठोक्यापाशी ती उशिरा उठत होती. मी थांबले, उजवीकडची गाठ केसभर ढिली केली, पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबले, डावीकडची केसभर घट्ट. मिस्टर एडवर्ड तोंडातली बासरी काढायलाच तयार नव्हते, मी थांबले की एकच सूर लांबवत उभे राहायचे आणि भुवयांनी विचारायचे, झालं? तिसऱ्या वेळेला ती कोरडी पानं आली. बासरी त्यांच्यावरून चालत गेली.

त्यांनी गाणं पूर्ण केलं, मग मला वाकून नमस्कार केला. मी काय करावं न सुचून काठी दुसऱ्या हातात घेतली आणि पुन्हा पहिल्या.

गुरुवारी शाळेतला व्हिडिओ त्यांनी पाठवला. साठ-सत्तर मुलं, सगळ्या देशांची, गोल फिरताहेत आणि मध्ये हा उंच माणूस, एका हातात बासरी, दुसऱ्यात काठी. ढोल फारसा ऐकू येत नाही. तसाच तो असायला हवा.

त्या आठवड्याच्या सुट्टीत मी आबांना फोन केला. टेबलाचं, तातेचं सगळं सांगितलं. मग श्रुतीनं माझ्या मोबाइलवर असलेलं, टायरवाल्यानं काढलेलं माझ्या वाजवण्याचं रेकॉर्डिंग त्यांना पाठवलं. तासाभरानं त्यांचा फोन आला.

"आबा, ऐकलं?"

"ऐकलं."

"मग?"

"काठी मुठीत धरतीस व्हय? मूठ नको. दोन बोटांत धर. तिसरा ठोका रखडतोय तुझा."

एवढंच बोलले आणि आईकडे फोन दिला. आई म्हणाली, "चार बारी ऐकलं त्यांनी. मांडीवर हात मारत बसलेत."

आता टेबलाचं. गुरुवार सांगितला होता म्हणून सुतार गुरुवारी सकाळी टेबल उचलायला आले होतेच. दाऊदभाईंनी त्यांना टेबलाला हात लावू दिला नाही. पण पुरतं टेबलही मला मिळालं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. भिंतीपासून अर्धं त्यांनी कापून घेतलं, तिथे आता प्लायवूडचे ताव उभे असतात आणि मोठा ढोल वळवताना माझी कोपरं त्यांना लागतात.

"अर्धं तुझं," दाऊदभाई म्हणाले. "पण एक अट. इथून जे वाद्य जाईल ते गिऱ्हाईकासमोर तू वाजवून दाखवायचंस. टिचकी नाय चालायची."

"सगळी?"

"सगळी. रहमानी पण."

काउंटरवर बसणं मला याहून सोपं गेलं असतं. तरी मी हो म्हटलं. टेबरचा एक मोठा, दोन लहान येत होता म्हणून रहमानीही येतो असं नाही. पथकांचे व्हिडिओ बघून बघून, घरी उशीवर हात मारून मारून, नवऱ्याच्या शिव्या खाऊन मी त्याचा साधा ठेका बसवला. दोन बोटांत काठी धरायला एक महिना लागला.

एप्रिलमध्ये एका पथकाचे म्होरके त्यांचा रहमानी न्यायला आले. पांढऱ्या कंदुऱ्यातले, म्हणजे अरबी पायघोळ झग्यातले, भारदस्त गृहस्थ, बरोबर त्यांचे चार वादक. ढोल मी केला होता हे त्यांना माहीत होतं. तो मी वाजवून दाखवणार हे माहीत नव्हतं. दाऊदभाईंनी अरबीत काहीतरी सांगितलं. चौघांतला एक दुसऱ्याच्या कानाशी लागला. मी पट्टा खांद्यावर घेतला. रहमानी जड असतो, त्याला पोट पुढे काढून तोलावं लागतं. पहिले दोन ठोके मी त्यांच्याकडे बघतच मारले. मग मी त्यांच्याकडे बघणं सोडलं आणि कातड्याकडे बघितलं, तिथे मला सगळं ओळखीचं होतं. सोळा फेऱ्या वाजवल्या आणि थांबले.

म्होरक्यांनी ढोलाला हातही लावला नाही. दाऊदभाई मिशीवरून बोट फिरवत होते, ते काळजीत असले की करतात. मला वाटलं, संपलं, उरलेलं अर्धं टेबलही गेलं.

म्होरक्यांनी मागे बघून त्यांच्या एका वादकाला काहीतरी सांगितलं. तो गाडीकडे गेला आणि दुसरा, लहान ढोल घेऊन आला, गळ्यात अडकवून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मर्रा थानिया," म्होरके मला म्हणाले.

"परत एकदा म्हणतात," दाऊदभाई म्हणाले. "ह्याच्याबरोबर."